भिंतीच्या माथ्यावरील कंगणी

नवें घर पाहावयास गेलेला मनुष्य दारें पाहतो, खिडक्या पाहतो. भिंतीच्या माथ्यावरील कंगणीकडे त्याची दृष्टि क्वचितच जाते. जुन्नरच्या लेण्यांत मात्र इतिहासाचा एक मोठा भाग या माथ्यावरच कोरलेला आहे.

कंगणीचें मूळ काम शोभेचें नव्हे, पाण्याचें आहे. ती भिंतीपुढें चार बोटें आली, म्हणजे पावसाचें पाणी भिंतीवरून न ओघळतां दूर पडतें. आंबेगांवच्या पश्चिम भागांत, जेथें पाऊस अतोनात, तेथील जुन्या घरांचीं छपरें भिंतीबाहेर बरींच खालीं उतरत, तीं याचसाठीं. छपराची वळचण ही कंगणीची आई, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां लेण्याद्रीस चला. गिरिजात्मज गणपतीचें स्थान म्हणजे तेथील सातवें लेणें. मुळांत तो बौद्ध भिक्षूंचा विहार. त्याच्या ओसरीच्या खांबांवर पाहा: तुळई, तिच्यावर वाशांचीं पुढें आलेलीं टोकें, आणि वर वेदिकेचा कठडा, सर्व एकाच कातळांत कोरलेलें. डोंगर पोखरून केलेल्या खोलीस वाशांचा आधार कशास हवा? छप्परच नाहीं, तर वळचण कसली?

याचें उत्तर असें कीं, त्या काळीं थोर वास्तु म्हणजे लांकडी वास्तु. पाथरवटाच्या डोळ्यांपुढें सुताराचें काम होतें. कार्ल्याच्या चैत्यांत तर छताच्या कमानी खऱ्याखुऱ्या लांकडाच्या बसविल्या असून त्या आजहि टिकून आहेत. लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यांत त्याच कमानी दगडांतून काढल्या आहेत. काम संपलें, पण आकार राहिला.

दात्यांचीं नांवें शिलालेखांनीं राखलीं आहेत. सहावें लेणें कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचें दान. मानमोडीवर चंद नांवाच्या यवनाचा लेख आहे, आणि नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेखहि तेथेंच आहे. सुताराचें नांव मात्र सहसा आढळत नाहीं. त्यानें उभारलेलीं घरें, वाडे, वेशी यांतील एक काठीहि जुन्नरांत उरली नाहीं. तुळई कशी ठेवीत, वासे किती अंतरावर बसवीत, कठडा कसा जोडीत, हें सांगणारा साक्षीदार एकच, तो म्हणजे हा कोरीव माथा.

म्हणून त्यावर नांव खरडणें अथवा रंग फांसणें म्हणजे एखाद्या बखरीचें एकुलतें एक पान फाडणें होय. गणपतीचें दर्शन घ्यावयास आपण चढाल, तेव्हां आंत शिरण्यापूर्वीं क्षणभर मान वर करावी. त्या निनांवी सुतारासहि तो एक नमस्कार पोंचेल.