टपालाने सुरू झालेलं प्रीप्रिंट

प्रीप्रिंट हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी कोविडच्या काळात पहिल्यांदा ऐकला. नियतकालिकाने तज्ज्ञांकडून तपासून घेण्याआधीच संशोधकाने सगळ्यांपुढे ठेवलेला शोधनिबंध म्हणजे प्रीप्रिंट. पण ही गोष्ट साठ वर्षं जुनी आहे.

१९६१ साली अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने जीवशास्त्रातल्या संशोधकांचे गट केले. अजून न छापलेले निबंध टपालाने गटातल्या सगळ्यांना जायचे. बघता बघता ३,६०० हून जास्त संशोधक त्यात आले, २,५०० हून जास्त निबंध-टिपणं फिरली. आणि १९६७ मध्ये सगळं बंद! का? तर नियतकालिकांनी ठरवलं, असा फिरलेला निबंध आम्ही छापणार नाही. छापून आलं नाही तर बढती नाही. संशोधक काय करणार?

भौतिकशास्त्रवाले मात्र एकमेकांना प्रती पाठवत राहिले. त्याच सवयीतून १९९१ च्या ऑगस्टमध्ये लॉस अलामॉसला पॉल गिन्सपार्ग यांनी 'अर्काइव्ह' सुरू केलं. २००२-०३ मध्ये ग्रिगोरी पेरेलमान यांनी पॉइंकारेच्या प्रश्नाची उकल तिथेच टाकली, नियतकालिकाकडे पाठवलीच नाही. जगभरच्या गणितज्ञांनी ती तपासून बरोबर ठरवली. म्हणजे तपासणी ही काही नियतकालिकांची मक्तेदारी नाही.

जीवशास्त्राला 'बायोआर्काइव्ह' मिळालं ते थेट २०१३ मध्ये. ४६ वर्षं वाया!

दुसरी बाजूही सांगतो. जानेवारी २०२० च्या शेवटी दिल्लीतल्या संशोधकांचं एक प्रीप्रिंट आलं: कोरोना आणि एचआयव्ही विषाणूत म्हणे साम्य. शास्त्रज्ञांनी चुका दाखवल्या, दोन-तीन दिवसांत ते मागे घेतलं गेलं. पण निबंध मागे घेता येतो, व्हॉट्सॲपचे फॉरवर्ड नाही.

हे सगळं आज कशाला? २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'साठी तीन वर्षांचे ६,००० कोटी मंजूर केले. आपल्या विद्यापीठांना नियतकालिकं वाचता यावीत म्हणून. ठीक आहे. पण त्यातलं काही संशोधन आपल्याच कराच्या पैशातून झालेलं असतं. करायलाही आपण पैसे द्यायचे आणि वाचायलाही?

माझं म्हणणं एवढंच: सरकारी पैशातून झालेला प्रत्येक निबंध प्रीप्रिंट म्हणून खुला ठेवायची अट घाला. आणि बातमी देणाऱ्यांनी 'अजून तपासलेलं नाही' हे पहिल्याच ओळीत लिहावं, शेवटच्या नव्हे.