मिरजेची छापील गीता व कारागिराचा हक्क

मिरज येथें इ. स. १८०५ मध्यें तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेली भगवद्गीता गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांच्या नांवानें ओळखली जाते. आश्रयदात्याचें श्रेय त्यांचें आहे यांत शंका नाहीं. परंतु ही कला मिरजेस आली कशी हें पाहूं जातां, चाकरींत साधलेल्या नव्या युक्तीवर धन्याचा हक्क कितपत, हा आजहि न मिटलेला प्रश्न पुढें येतो.

परंपरेनें चालत आलेली हकीकत अशी. पुणें दरबारांतील इंग्रज वकील चार्लस मॅलेट यानें एका तांबटास पत्रा कोरून कागदावर ठसा घेण्याची रीत शिकविली. पुढें नाना फडणिसांनीं त्याजकडून गीता कोरविण्याचें योजिलें. पण काम चालू असतांच पुण्याची घडी विसकटली, १८०० च्या मार्चांत नाना वारले, आणि तांबट मिरजेस गेला. तेथें ग्रंथ सिद्धीस गेला.

आमच्या संग्राहक वाचकांस ताम्रपट परिचित आहेत. ते वाचावयाचे म्हणून सुलटे कोरलेले असतात. छापावयाचा पत्रा उलटा कोरावा लागतो. वळणदार बाळबोध अक्षर उलटें उतरविण्यास हातच वेगळा लागतो. तो हात मॅलेटचा नव्हता, नानांचाहि नव्हता.

अमेरिकेंत असाच एक तंटा उद्भवला, आणि तोहि योगायोगानें मुद्रणाचाच. तेथील सरकारी मुद्रणखात्याचा प्रमुख क्लार्क यानें सरकारचीं माणसें व साहित्य वापरून मद्याच्या पिंपांसाठीं महसुली तिकीट शोधून काढलें व त्याचें पेटंट दुसऱ्याच्या नांवें करून दिलें. सॉलोमन्स नामक त्या धारकानें सरकारकडे मोबदला मागितला; १८९० सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो नाकारला. जेथें धन्याचा पैसा व साधनें खर्चीं पडलीं, तेथें त्यास फुकट वापराची मुभा. मालकी मात्र एवढ्यानें त्याची होत नाहीं, असें पुढें १९३३ च्या डुबिलियर खटल्यांत स्पष्ट झालें. आमच्या १९७० च्या पेटंट कायद्यांत नोकराच्या शोधाविषयीं स्वतंत्र कलम नाहीं. अर्जाचा अधिकार प्रथम शोधकास वा तो ज्यास लिहून देईल त्यास. म्हणून करारनाम्यावर बरेंच अवलंबून राहतें.

हें माप लाविलें तर पुण्यांत कोरलेले पत्रे वापरण्याचा हक्क फडणिसांच्या घराण्यास सांगतां आला असता. तांबटानें मिरजेस जाऊं नये, असें म्हणण्याचा नव्हे. सबब, मिरज गीतेची प्रत ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं सूचींत पटवर्धनांच्या नांवाशेजारीं ‘कोरणारा: पुण्याचा तांबट’ एवढी नोंद अवश्य करावी.