स्वप्नातला हत्ती आणि सुटणारी लोकल

स्वप्नात धावण्याचा अर्थ शोधताना आपल्या समीक्षेला फ्रॉइडच आधी आठवतो. बृहदारण्यकोपनिषदाच्या चौथ्या अध्यायात मात्र स्वप्न पाहणाऱ्यामागे जणू हत्ती लागतो. आणि जागेपणी पाहिलेले भयच तिथे अविद्येने खरे वाटते, असा उलगडा याज्ञवल्क्य करतात. शुभाशुभ फळे सांगणाऱ्या स्वप्नाध्यायांहून ही दृष्टी आम्हांस कितीतरी आधुनिक वाटते.

आम्हा मीरा-भाईंदरकरांच्या स्वप्नात हत्तीऐवजी सुटणारी चर्चगेट लोकल येते. भय गाठले जाण्याचे नव्हे, मागे राहण्याचे. आणि पाय तर उचलतच नाहीत. अशा खिळलेपणात फ्रॉइडने (१९००) इच्छेचा अंतर्विरोध पाहिला. म्हणजे ती गाडी मुळात आपल्याला पकडायचीच नसते काय? उपनिषदात ही शंका उद्भवत नाही. हत्तीपुढे थांबावेसे कोणाला वाटणार?