शब्बाथ
ज्यू धर्मातील साप्ताहिक विश्रांतीचा पवित्र दिवस. तो शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसू लागल्यावर संपतो. तोरा या ज्यू धर्मग्रंथात त्याची दोन कारणे आढळतात : सहा दिवसांच्या सृष्टिनिर्मितीनंतर ईश्वराने घेतलेली विश्रांती आणि इजिप्तमधील गुलामगिरीतून झालेली सुटका. नोकरचाकर व गुरेढोरे यांनाही ही सुटी लागू होते. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात पेरणी, दळण, अग्नी पेटवणे अशी ३९ प्रकारची कामे वर्ज्य ठरवली आहेत. मात्र कोणाचा जीव वाचवायचा असल्यास हे निर्बंध बाजूला ठेवावेच लागतात. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी घरातील स्त्री दिवे लावते, द्राक्षरसावर आशीर्वाद म्हटला जातो. ताटातील दोन पाव इस्रायली लोकांना वाळवंटात शुक्रवारी दुप्पट मिळालेल्या ‘मान्ना’ या ईश्वरदत्त अन्नाची आठवण देतात.

ख्रिस्ती धर्मात येशूच्या पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवारला महत्त्व आले. ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने त्या दिवशी विश्रांतीचा हुकूम काढला. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या पंथाचे ख्रिस्ती मात्र शनिवारच पाळतात. कोकणातील बेने इस्रायली ज्यू तेलाचा व्यवसाय करीत, पण शनिवारी घाणा बंद ठेवीत. त्यामुळे शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.