भिंतींचा अंगरखा

दिवाळी तोंडावर आली, की कोकणात आणि गोव्यात माणसांच्या नजरा भिंतींकडे वळतात. चार महिने पावसाने झोडपलेली भिंत भाद्रपदापर्यंत हिरवीगार असते; आश्विनाचे ऊन लागले, की तेच शेवाळ वाळून काळे पडते. फराळाचे डबे भरले, कंदील टांगला, आणि दर्शनी भिंत मात्र काजळी फासल्यासारखी, हे कोणत्या गृहिणीला खपेल?

आमच्याकडची भिंत जांभ्याची. ह्या दगडाला शास्त्रीय नाव मिळाले ते 1807 साली. फ्रान्सिस बुकॅनन हा इंग्रज कंपनीचा वैद्य मलबारात हिंडत असता अंगाडिपुरमजवळ त्याने हा दगड पाहिला. खाणीत तो इतका मऊ, की लोखंडी हत्याराने सहज कापावा. वाऱ्यावर ठेवला की टणक होतो. विटेसारखाच त्याचा उपयोग होतो, म्हणून वीट ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याने त्याला 'लॅटराइट' म्हटले. आमचे पाथरवट ही मौज त्याच्या कितीतरी आधीपासून जाणत होते; फक्त त्यांनी पुस्तक लिहिले नाही! हा दगड टणक झाला तरी राहतो सच्छिद्रच. वर्षाला सुमारे 120 इंच पाऊस ज्या प्रांतात पडतो, तिथे त्याला उघडे ठेवणे म्हणजे लहान मुलाला पावसात उभे करण्यासारखेच.

म्हणून त्याला चुन्याचा अंगरखा. किनाऱ्यावरचे शिंपले भट्टीत भाजायचे, त्या कळीवर पाणी ओतायचे. ती फसफसते, उकळते आणि विरते. तो चुना कुंच्याने भिंतीवर चढला, की हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगड बनतो. शिंपल्याचा चुना आणि चुन्याचा पुन्हा शिंपलाच म्हणा ना! ताजा चुना इतका जहाल क्षारयुक्त असतो, की शेवाळाला त्यावर जीव धरता येत नाही. शिवाय तो भिंतीचा श्वास कोंडत नाही; आत शिरलेली ओल बाहेर पडू देतो. पाऊस दरवर्षी थोडा चुना खातो, पण जांभा वाचतो. पावसाळ्यापूर्वी भिंतींना विणलेली झापे बांधायची, पावसाळ्यानंतर चुना काढायचा, अशी ही व्यवस्था. शाळेत मी मुलांना इतिहास शिकवतो तो लढायांचा आणि तहांचा. ह्या कुंच्याचा धडा पुस्तकात नाही, ह्याची मला खंत आहे.

हल्ली ह्या कामाला यंत्र आले आहे. जर्मनीतल्या आल्फ्रेड केर्चरने 1950 साली गरम पाण्याचा उच्च दाबाचा धुलाईयंत्र बाजारात आणला. त्याची धाकटी भावंडे आता आमच्या तालुक्याच्या गावीही भाड्याने मिळतात. हवेच्या शंभरपट दाबाने पाण्याची धार सुटते आणि शेवाळ क्षणात जाते. सिमेंटच्या अंगणाला ती ठीक. परंतु आमच्या आळीतल्या एका घराचा जुना चुना ह्या धारेने पापुद्र्यांनी उडाला, सांध्यांतला मसाला निघाला आणि पाणी भिंतीच्या पोटात शिरले. माजघरात महिनाभर ओल होती. त्यापेक्षा सौम्य धुलाई बरी: क्लोरीनचे पातळ द्रावण हलकेच शिंपडायचे, शेवाळ मुळासकट मरू द्यायचे आणि साध्या पाण्याने धुवायचे. (झाडांना आणि डोळ्यांना मात्र जपायचे.) गंमत अशी, की ह्या औषधांच्या घराण्यातली ब्लीचिंग पावडर ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने 1799 साली विरलेल्या चुन्यावर क्लोरीन सोडूनच पेटंट केली. इथेही चुना आलाच!

अंगरखा उतरवला म्हणजे काय होते, हे पाहायचे असेल तर जुन्या गोव्याला जावे. रस्त्याच्या एका बाजूला से कॅथेड्रल, पांढरेशुभ्र. त्याचा एक मनोरा 1776 साली कोसळला, तरी चुना चढतोच आहे. दुसऱ्या बाजूला बॉम जेझूची बासिलिका, तांबूस-तपकिरी. 1594 साली पायाभरणी, 1605 साली प्रतिष्ठापना. दर्शनी भागाचे काळे दगड आपल्या वसईहून नेलेले. हीही मुळात गिलाव्याचीच. पण 1950 नंतरच्या काळात, पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीस, बाल्ताझार कास्त्रो ह्या वास्तुविशारदाने प्राचीनपणाचा डौल यावा म्हणून बाहेरचा गिलावा उतरवला. साडेतीनशे वर्षे झाकलेला जांभा तेव्हापासून पाऊस पितो आहे आणि झिजतो आहे.

1961 साली गोवा मुक्त झाला, 1986 साली ही चर्चे जागतिक वारसा ठरली. गिलावा पुन्हा चढवावा, अशी मागणी 2020 साली तिथल्या धर्मगुरूंनी जाहीरपणे केली. विरुद्ध बाजूही आहे: दोन-तीन पिढ्यांनी बासिलिका तांबडीच पाहिली, चित्रांत आणि तिकिटांवर ती तांबडीच आहे, आता पांढरी केली तर ओळखायची कशी? मला विचाराल तर माझे मत कुंच्याच्या बाजूने आहे. माणसांची सवय दहा वर्षांत बदलते. विरघळलेला जांभा परत येत नाही.