दमदमची गोळी

कलकत्त्याच्या उत्तरेस दमदम नावाची एक जुनी लष्करी वसाहत आहे. तोफा चढविण्यासाठी रचलेल्या मातीच्या उंचवट्याला मराठीत ‘दमदमा’ म्हणतात. त्याच फारसी शब्दाशी या गावाच्या नावाचे नाते जोडले जाते. कंपनी सरकारच्या बंगाल तोफखान्याचे ठाणे येथे बराच काळ होते आणि १८४६ मध्ये येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. आज हे नाव युरोपातील अनेक भाषांच्या कोशांत आढळते, पण ते गावाचे नाव म्हणून नव्हे. शरीरात शिरल्यावर फुलणाऱ्या बंदुकीच्या गोळीला जगभर ‘दमदम’ म्हणतात. बंगालमधील एका वसाहतीचे नाव क्रौर्याची खूण कसे झाले, हा इतिहास युद्धाचा आहे हे खरे; पण त्याचे मूळ हरणाच्या शिकारीत आहे, आणि तो समजून घेण्यास तेथूनच आरंभ करावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंदुकीची गोळी म्हणजे शिशाचा जाड व जड गोळा असे. १८५३ च्या एन्फिल्ड बंदुकीची गोळी सुमारे १४.७ मिलिमीटर नळीतून सुटे आणि तिचे वजन ३४ ग्रॅमच्या आसपास भरे. शिसे मऊ असल्याने हाडावर आदळताच अशी गोळी आपोआप चपटी होई. शिकाऱ्याची अडचण वेगळीच होती. गोळीचा वेग कमी असल्याने ती दूरवर जाताना बरीच खाली येई, आणि रानाच्या कडेला उभ्या असलेल्या चितळाचे अंतर अजमावण्यात थोडी चूक झाली तरी ती काळजाऐवजी पायात किंवा पोटात लागे. यावर लंडनचे बंदूककार जेम्स पर्डी यांनी १८५६ मध्ये तोड काढली. गोळी हलकी आणि दारू अधिक, म्हणजे वेग वाढतो व मार्ग सरळ राहतो. त्यांनी तिला आगगाडीवरून ‘एक्स्प्रेस’ असे नाव दिले. पुढे अशा गोळ्यांच्या टोकाला पोकळी ठेवण्याची पद्धत रूढ झाली. मध्य प्रांताच्या रानांत हिंडणारे जेम्स फोर्साइथ यांनी १८६३ मध्ये शिकारीची बंदूक आणि तिच्या गोळ्या यांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. इतका हा विषय त्या काळी महत्त्वाचा मानला जाई.

टोकाची पोकळी काय साधते? वेगाने शरीरात शिरताच तेथील ओलसर मांस त्या पोकळीवर दाब आणते आणि शिशाच्या कडा बाहेरच्या बाजूस वळतात. गोळीचे टोक भूछत्रासारखे फुलते. तिचा व्यास वाढतो, तिचा वेग शरीरातच खर्च होतो आणि जखम रुंद होते. फुप्फुसात वा हृदयात अशी जखम झालेले हरीण थोडक्या पावलांत कोसळते. उलट न फुलणारी गोळी बारीक छिद्र पाडून पलीकडे निघून जाते. हरीण उधळते, रक्ताचा माग अपुरा पडतो, आणि कोठेतरी झुडपात ते तासन्‌तास तडफडून मरते. फुलणाऱ्या गोळीतही दोष आहेच. ती फार लवकर फुटली, तर सांबरासारख्या दणकट जनावराच्या खांद्यावरच तिचे तुकडे होतात आणि वरवरची, पण भयंकर जखम राहते. म्हणून गोळी योग्य वेळी आणि योग्य तेवढीच फुलावी, हा शिकारी काडतुसाच्या शास्त्राचा गाभा ठरला.

१८८० नंतरच्या दशकात बिनधुराची दारू आली आणि सारे गणित बदलले. १८८६ मध्ये फ्रान्सने लेबेल बंदूक स्वीकारली, १८८८ मध्ये ब्रिटनने ली-मेटफर्ड. नळी ७.७ मिलिमीटरपर्यंत अरुंद झाली आणि गोळीचे वजन १४ ग्रॅमवर आले. तिचा वेग मात्र पुढे सेकंदाला सुमारे ६०० मीटर झाला. एवढ्या वेगात उघडे शिसे नळीच्या आट्यांत खरवडून निघे, म्हणून त्यावर तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूचे कवच चढविण्यात आले. ही कवचबंद गोळी शरीरात फुलत नसे. हाड वाचले तर तिची जखम बारीक राही व लवकर भरून येई. कित्येक शल्यवैद्यांनी तिला दयाळू गोळी म्हटले. शिकाऱ्यांना मात्र ती निरुपयोगी वाटली. त्यांच्यासाठी काडतूसवाल्यांनी कवच टोकाशी थोडे आखूड ठेवून मऊ शिसे उघडे ठेवले. सैनिकाची गोळी आणि हरणाची गोळी यांच्या वाटा येथे वेगळ्या झाल्या.

त्या पुन्हा एकत्र आल्या त्या दमदम येथे. काडतुसाच्या इतिहासात या गावाचे नाव त्यापूर्वीही एकदा आले होते. जानेवारी १८५७ मध्ये एन्फिल्डच्या काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावली आहे, हे बोलणे येथल्याच एका खलाशाच्या तोंडून एका ब्राह्मण शिपायाच्या कानी गेले आणि तेथून छावण्याछावण्यांत पसरले. चाळीस वर्षांनी प्रश्न वायव्य सरहद्दीवरून आला. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेत गोळी लागूनही पठाण हल्लेखोर थांबत नाहीत, अशी तक्रार ब्रिटिश अधिकाऱ्यांनी केली. दमदमच्या कारखान्याचे अधीक्षक कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी लष्करी गोळीच्या टोकावरील कवच थोडेसे कमी केले. युक्ती शिकाऱ्यांचीच होती. १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेत ती माणसांवर वापरली गेली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये पोकळ टोकाची लष्करी गोळी निघाली व १८९८ मध्ये सुदानात ओमडुर्मनच्या लढाईत तिचा वापर झाला.

युरोपात गवगवा झाला. ट्यूबिंगेन येथील शल्यवैद्य पाउल फॉन ब्रुन्स यांनी १८९८ मध्ये शिसे उघडे असलेल्या गोळ्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतील जखमांचे वर्णन भीषण होते. त्यावर ॲबर्डीनचे अलेक्झांडर ऑगस्टन यांनी आक्षेप घेतला, की ब्रुन्स यांनी वापरलेल्या गोळ्या दमदमच्या नव्हत्या. त्या शिकारीच्या माउझर गोळ्या होत्या आणि त्यांचे शिसे कितीतरी अधिक उघडे होते. आक्षेप तपशिलात खरा होता. परंतु त्यातूनच एक गोष्ट उघड झाली. दोन्ही गोळ्या एकाच कुळातल्या होत्या, आणि वाद उरला होता तो केवळ प्रमाणाचा.

१८९९ च्या मे महिन्यात हेग येथे राष्ट्रांची शांतता परिषद भरली. तिच्यापुढे १८६८ चा सेंट पीटर्सबर्गचा ठराव होता. त्या ठरावाने ४०० ग्रॅमहून हलक्या स्फोटक गोळ्या निषिद्ध ठरविल्या होत्या. शत्रूचे सैन्यबळ दुर्बळ करणे एवढाच युद्धाचा न्याय्य हेतू असून, निकामी झालेल्या माणसाच्या यातना वाढविणे त्या हेतूच्या पलीकडचे आहे, हे त्यामागचे तत्त्व. ब्रिटनचे लष्करी प्रतिनिधी सर जॉन अर्डाघ यांनी दमदमचे समर्थन केले. सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की रुग्णपथकाकडे वळतो, तर रानटी माणूस गोळ्या लागूनही धावून येतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. ब्रिटन व अमेरिका यांचा विरोध असतानाही परिषदेने शरीरात सहज फुलणाऱ्या वा चपट्या होणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली. तथापि ती बंदी करार करणाऱ्या राष्ट्रांच्या परस्पर युद्धापुरतीच होती. सरहद्दीवरचा पठाण वा सुदानी योद्धा कोणत्याही करारावर सही करणारा नव्हता. ज्यांच्यासाठी ही गोळी घडविली गेली, त्यांना त्या बंदीने संरक्षण दिले नाही.

अर्डाघ यांच्या युक्तिवादातील दोष नीट पाहावा असा आहे. फुलणारी गोळी हरणाच्या बाबतीत दया ठरते, कारण जखमी हरणाला शरण जाता येत नाही आणि त्याच्यासाठी रुग्णालय नाही. लवकर मरण एवढीच सुटका त्याला देता येते. माणसाचे तसे नाही. तो शस्त्र खाली ठेवू शकतो, उपचार घेऊ शकतो, बरा होऊन घरी परतू शकतो. ज्या क्षणी त्याच्यासाठी शिकारीची गोळी निवडली गेली, त्या क्षणी त्याला या साऱ्या शक्यता नाकारल्या गेल्या. साहित्य तेच, धातू तोच. फरक पडला तो समोरच्याला काय मानले त्यात.

ब्रिटनने १९०७ मध्ये हा ठराव मान्य केला. पुढे १९९८ च्या रोम येथील संविधीत अशा गोळ्यांचा वापर युद्धगुन्हा ठरला आणि २०१० मध्ये देशांतर्गत सशस्त्र संघर्षांनाही तो नियम लावण्यात आला. शिकारीचा कायदा मात्र नेमका उलट दिशेने गेला. इंग्लंडच्या १९६३ च्या हरणविषयक कायद्याने मऊ वा पोकळ टोकाखेरीज अन्य रायफलगोळीने हरीण मारण्यास मनाई केली, आणि १९९१ च्या कायद्यातही तेच तत्त्व कायम राहिले. युद्धात जी वापरणे गुन्हा, ती शिकारीत न वापरणे गुन्हा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचे दिवसच संपत गेले, आणि काळवीट व चिंकारा यांना त्या कायद्याने सर्वोच्च संरक्षण दिले.

दमदमचे नाव कोशांतून आता पुसले जाणार नाही. पण त्या नावाखाली दडलेला प्रश्न बंगालच्या त्या वसाहतीपुरता कधीच नव्हता. नवे शस्त्र निघाले की ते किती परिणामकारक आहे, हे प्रथम विचारले जाते. ते कोणाला थांबविण्यासाठी घडविले आणि त्याला आपण कोण समजतो, हे विचारण्यास जगाला हेगच्या सभागृहापर्यंत जावे लागले, आणि तेथेही उत्तर अर्धेच मिळाले. उरलेले अर्धे मिळण्यास जवळजवळ आणखी एक शतक लोटले.