खाडींतील शेवाळ

ठाण्याच्या खाडीवरून १८५४ सालीं आगगाडी गेली व १९७३ सालीं वाशीचा पूल झाला. कांठचीं शहरें वाढलीं, त्यांचें सांडपाणी खाडींत आलें, आणि त्यांतील नत्र व स्फुरद यांवर, ओहोटीस उघड्या पडणाऱ्या चिखलांत शेवाळ माजलें, असें अभ्यासक मानतात. हेंच निळें-हिरवें सूक्ष्म शेवाळ धाकट्या रोहित पक्ष्याचें मुख्य अन्न होय; त्याचा गुलाबी रंगही त्यांतूनच येतो. १९९० नंतरच्या दशकांत शिवडीस त्यांचे थवे उतरूं लागले. २०१५ सालीं खाडीचा कांहीं भाग अभयारण्य ठरला व २०२२ सालीं रामसर यादींत गेला.

परंतु यावरून सांडपाणी उपकारक ठरत नाहीं. शेवाळ फार दाटलें कीं तें कुजतांना पाण्यांतील प्राणवायु संपतो. मग चिखलांतील शिंपले व किडे गुदमरतात आणि त्यांवर जगणारे मासे व पक्षी उपाशी राहतात. नाथसागरावर रोहित पाहावयास हौसेनें जाणाऱ्या आम्हां गुलमंडीकरांनीं हें ध्यानीं धरावें. कारण आमची खाम नदी शहराची घाण घेऊन त्याच जलाशयास मिळते.